टीपॉयवरचा समुद्र

गरम पोह्यांवरच्या हिरव्या सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वास आला की मला पांढरकवड्याची ती बैठक आठवते. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारा मी मुलगी पाहायला गेलो होतो, आणि ती मला दारातच आवडली होती. बाहेर हायवेवर ट्रक गुरगुरत होते. तिचे वडील म्हणाले, “सर, तुम्ही समुद्राचं शिकवता म्हणे. आपल्या यवतमाळात समुद्र कुठी हाय?” सगळे हसले. मी गप्प बसायचं, तर टीपॉयवरच्या गुळगुळीत रेक्झिनला मधोमध घडी घातली. “ही समुद्रातली डोंगररांग. इथे नवा तळ तयार होतो आणि दूर किनाऱ्यापाशी जमिनीखाली शिरतो. कधीकधी ही रांगही सरकत तिथवर पोचते अन् स्वतःच खाली जाते.” असं म्हणून मी रेक्झिन वडिलांच्या बाजूला थोडं खाली ओढलं. मग हात सोडला, तरी लोंबत्या भागाच्या वजनानं बाकीचं आपोआप सरकत राहिलं, अगदी पुस्तकात लिहिलंय तसं. “अरे, धर ना बाप्पा!” माझा मामा ओरडला. घडी गेली, मागोमाग पोहे, चहा, सगळं तिच्या वडिलांच्या पांढऱ्या पायजम्यावर. तेवढ्यात मुलगी म्हणाली, “मंग रांगच गेल्यावर नवा तळ कोन बनवते?” उत्तर मला येत होतं: कुणीच नाही, खाली फट उघडी राहते आणि तिच्यातून धग वर येत राहते. पण वडील उठले होते. नकार दुसऱ्याच दिवशी आला. परवा वर्गात हाच धडा संपवून मी विचारलं, “काही शंका?” कुणालाच नव्हती.