तोलून मोजलेले मोदक

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या केमिस्ट्रीच्या सरांनी उभ्या जन्मात एकही वस्तू बोटाने मोजली नसेल. नवं शतक उजाडता उजाडता आम्ही गिरगाव सोडून भाईंदर पश्चिमेला राहायला आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात पाण्याचा पेला दिला आणि म्हणाले, “घ्या, दहा मोल आहे.” सामान चढवून मी इतका दमलो होतो की निमूट प्यायलो. मोल म्हणजे काय, हे विचारायचं नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी विचारून बसलो आणि कायमचा अडकलो. डझन म्हणजे बारा, तसं मोल म्हणजे सहावर तेवीस शून्यं. एवढे कण मोजायला बसलं तर सात जन्म पुरायचे नाहीत. पण एका जातीचे कण सगळे सारखे, म्हणून ते मोजायचे नाहीत, तोलायचे. अठरा ग्रॅम पाणी तोललं की एक मोल हाती आलंच. कणांपुरतं हे ठीक होतं हो! पण बाजारात दहा लिंबं घ्यायची तरी सर भाजीवाल्याला सांगत, “भैया, गिनो मत, तोलो.” तो बिचारा हात जोडायचा, “सरजी, नींबू गिनके ही जाता है.” त्यांच्या मागे पिशवी धरून उभं राहून माझे पाय भरून यायचे.

खरी कसोटी गणपतीत. नैवेद्याला एकवीस मोदक हवेत. वहिनी, म्हणजे सरांची बायको, मूळच्या रत्नागिरीच्या. त्यांच्या उकडीच्या मोदकांसाठी अख्खी सोसायटी जमायची. सर एक मोदक वजनकाट्यावर तोलत, त्याची एकवीसपट करत आणि तेवढं वजन भरेपर्यंत परातीत मोदक ठेवत. मग आमची ही हळूच मोजून म्हणायची, “सर, एकोणीसच आहेत.” “शक्यच नाही!” पुन्हा तोलणं. आरती ताटकळलेली, पोटात कावळे ओरडताहेत आणि आतून वहिनींचा आवाज, “अहो, हातचे आहेत ते! एखाद्यात सारण जास्त पडणारच.” दरवर्षी हेच. पुढे पुढे मी घरूनच पोहे खाऊन जायला लागलो.

एका उन्हाळ्यात वहिनींचा उजवा हात लुळा पडला. औषधं झाली, मालिश झालं, बोटं काही वळेनात. “मोदक तेवढे घरचे व्हायला हवेत हो,” एवढंच त्या म्हणत राहिल्या. चतुर्थीच्या सकाळी त्यांनी डाव्या हाताने कळ्या पाडून पाहिल्या. पारी फाटत गेली. शेवटी सर केबिन रोडवरून साच्यातले मोदक घेऊन आले. नेहमीसारखा एक तोलला, एकवीसपट केली, परात भरली. हिने मोजले. बरोबर एकवीस! इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आता सर आनंदाने नाचतील, असं मला वाटलं.

“आलं ना एकदाचं बरोबर?” खुर्चीतून वहिनींनी विचारलं.

सर परातीकडे बघत राहिले. मला त्या क्षणी त्यांची फार माया आली.

“आलं,” ते म्हणाले. आणि कुणाची तरी तक्रार करावी तशा आवाजात पुढे म्हणाले, “सगळे सारखेच आहेत गं.”