व्याज वाढल्याचा चहा

तोळामासा हे त्याचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता त्याच्या बायकोलाही आठवावं लागेल. हाडं मोजून घ्यावीत अशी शरीरयष्टी आणि धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा, तेव्हा दुसरं नाव मिळणार तरी कुठून? किराणावाल्याचा काटा, मटणवाल्याचा काटा, सोनाराचा काचेच्या पेटीतला नाजूक तराजू, हल्लीचे हिरवे आकडे दाखवणारे विजेचे काटे, सगळे आजारी होऊन त्याच्याच टेबलावर येऊन पडतात. वजनांना तो बोट लावत नाही, चिमट्याने उचलतो. म्हणतो, हाताचा घाम लागला की वजन खोटं बोलतं. लग्नात त्याने बायकोचा हातसुद्धा चिमट्यानेच धरला होता, ही बातमी माझी. ती मी इतक्या जणांना सांगितली आहे की आता वहिनी स्वतःही नाही म्हणत नाहीत.

दुकान म्हणजे रस्त्याकडे तोंड असलेली एक खोली. आत टेबल, मागे फळ्या, फळ्यांवर मेलेल्या काट्यांचे सुटे भाग, आणि दारापाशी एक बाक, ज्यावर माझा वर्षानुवर्षांचा कब्जा आहे. खोली भाड्याची. मालकीणबाई वरच राहायच्या. त्यांचे गुडघे गेले, जिना त्यांचा वैरी झाला, तेव्हा एका सकाळी कठड्याला धरत धरत त्या खाली आल्या आणि म्हणाल्या, "काटेवाले, मी आता वृद्धाश्रमात जायचं ठरवलंय. तिथे जागा व्हायला दोनेक वर्षं लागतील. जाताना ही खोली विकणार. पहिला मान तुमचा, आणि भाव आजचाच."

भाव त्यांनी सांगितला. तोळामाशाने तो मनातल्या मनात तोलला. त्याची सारी पुंजी एका पारड्यात घातली तर जवळजवळ बरोबरी होत होती. थोडं कमी पडत होतं, तेवढं दोन वर्षांच्या व्याजात निघायला हवं होतं.

"घेतली," तो म्हणाला. "मेलो तरी याच टेबलावर मरेन."

"तेवढं नका करू," मालकीणबाई म्हणाल्या. "मग गिऱ्हाईक मिळत नाही."

आता गंमत बघा. पुंजी होती बँकेत, मुदत ठेवीत. ठेवीची मुदत संपली त्या सुमाराला व्याजदर असे तळाला गेले होते की दोन वर्षांच्या व्याजात दाराचं कुलूप आलं असतं, दार नाही. तोळामासा बँकेत गेला. तिथे एक साहेब आहेत, त्यांना आम्ही टायवाले म्हणतो, कारण भर उन्हाळ्यातही तो टाय गळ्यातून निघत नाही. माणूस गोड. त्याने तोळामाशाला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सरकारी रोख्यांच्या फंडाची माहिती दिली.

"काका, सरकारला कर्ज देणं आहे हे. लांब मुदतीचं. सरकार बुडतं का?"

"आपण बुडतो. सरकार नाही बुडत."

"मग? आणि गेल्या वर्षी हा फंड किती वाढला ते बघा."

फंड खरंच वाढला होता. का वाढला, ते टायवाल्याने सांगितलं नाही आणि तोळामाशाने विचारलं नाही. माणसाचं असंच असतं. पैसे कमी झाले की तो कारण विचारतो, वाढले की त्याला वाटतं, आपल्या चांगल्या वागणुकीचं फळ. पुंजी सगळी फंडात गेली. पहिले काही महिने फंड आणखी वाढला, आणि आमचा तोळामासा माझ्याशी शेअर बाजारातल्या लोकांबद्दल कीव आल्यासारखं बोलू लागला. "त्यांची झोप उडते म्हणे," म्हणायचा. "आपलं बरं. सरकारी."

मग महागाई आली. तोळामाशाला ती वर्तमानपत्राच्या आधी कळते. महागाई वाढली की लोकांचा पहिला संशय काट्यावर जातो. तेवढ्याच पैशांत पिशवी अर्धीच भरली तर गिऱ्हाईक म्हणतं, हा मापात मारतोय. मग दुकानदार चिडून काटा उचलतो आणि तोळामाशाकडे आणतो, "बघा हो, नीट आहे ना? रोज भांडणं होतायत." तोळामासा वजनं ठेवून बघतो. काटा नीट असतो.

त्या वर्षी असे नीट असलेले काटे रांगेने यायला लागले. धंदा तेजीत. मटणवाला तर एकाच महिन्यात दोनदा आला. "भाव वाढवला तर शिव्या खातो, नाही वाढवला तर उपाशी मरतो," तो म्हणाला. तोळामाशाने त्याला तपासणीचे पैसेही जुन्याच दराने लावले. वहिनींना ते कळलं तेव्हा त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, जगातली महागाई आमच्या दारात येऊन थांबते बघा. आत यायची तिला लाज वाटते. बाहेर जाताना मात्र आमचीच पिशवी घेऊन जाते."

सगळ्या बँकांच्या वर जी मोठी बँक असते, तिचं काम म्हणे महागाईला आवर घालणं. तिने व्याजदर वाढवले. कर्ज महाग झालं की लोक हात आखडतात, खरेदी थंडावते, भाव खाली बसतात, असा तो हिशेब. दुपारी रेडिओवर बातमी आली आणि तोळामाशाने चिमटा खाली ठेवला.

"ऐकलंस? व्याज वाढलं."

"बरं मग?"

"अरे, आपले पैसे व्याजावर आहेत. सरकारी. आता खोली झाली म्हणून समज."

आणि त्याने चहा मागवला. नुसता माझ्यासाठी नव्हे. मटणवाल्याला, समोरच्या चाव्या बनवणाऱ्याला, वर मालकीणबाईंनासुद्धा. तोळामाशाने स्वतःहून चहा पाजला हे सांगितलं तर या गल्लीत आजही कुणी विश्वास ठेवणार नाही. मीही त्याचं अभिनंदन केलं, आणखी एक कप मागितला आणि तोही मिळाला.

त्याच आठवड्यात तो बँकेत आकडा बघायला गेला. फंड खाली आला होता. त्याला वाटलं, मशीन बिघडलं असेल. पुढच्या महिन्यात मोठ्या बँकेने पुन्हा दर वाढवले, फंड पुन्हा खाली. तेव्हा तो वहिनींना घेऊनच टायवाल्याकडे गेला. मीही गेलो. असल्या ठिकाणी साक्षीदार लागतो.

टायवाला या वेळी पाणी आधी स्वतः प्यायला. "काका, त्याचं असं असतं. फंडाकडे जुने रोखे आहेत, कमी व्याजाचे. आता बाजारात नवे रोखे आलेत, जास्त व्याजाचे. मग जुने कोण घेणार पूर्ण किमतीला? त्यांचा भाव पडतो. जितकी मुदत लांब, तितका जास्त पडतो."

"म्हणजे कालचा पाव," वहिनी म्हणाल्या. "शेजारी ताजा लागलाय, त्याच भावात."

"अगदी बरोबर, काकू."

"मग आम्हाला कालचा का दिलात?"

"तेव्हा तो ताजा होता ना."

तोळामाशाने बोटांवर हिशेब केला. मग म्हणाला, "म्हणजे व्याज वाढलं की मी खाली जातो."

"तुमच्या फंडापुरतं, हो. पण घाबरू नका. थांबलात तर वाढीव व्याजातून हळूहळू भरून निघतं."

"किती थांबायचं?"

"पाच-सहा वर्षं धरा."

"मालकीणबाईंना विचारून सांगतो," तोळामासा म्हणाला, "तेवढं थांबता येईल का त्यांना."

टायवाला हसला, पण अर्धवटच. मग खालच्या आवाजात म्हणाला, "काका, माझ्या आईचे पैसेही मी यातच ठेवलेत. ती रोज विचारते. मी सांगतो, बँक बंद आहे." आता अशा माणसावर चिडणार तरी कसं? वहिनी चिडायच्या तयारीनेच आल्या होत्या, त्यांनी ती तयारी परत घरी नेली.

यानंतर जे झालं ते तोळामाशाच्या जागी दुसरा कुणी असता तर झालं नसतं, म्हणून सांगतो. मालकीणबाईंना वृद्धाश्रमातून निरोप आला की हवी असेल तर जागा आधीही मिळेल. त्या खाली आल्या. "काटेवाले, मला अजून मुदत आहे. पण तुमची तयारी असेल तर आत्ताच उरकून टाकू. भाव ठरलाय तोच."

तेव्हा फंड पडला होता, पण फार नव्हता. आहे ते काढलं असतं आणि बँकेकडून थोडं कर्ज घेतलं असतं तर खोली त्याची होती. कर्जाचा दर चढत होता, पण अजून परवडण्यासारखा होता. वहिनी म्हणाल्या, "अहो, घेऊन टाका. माझ्या बांगड्या आहेत, हप्ते मी बघते." मी म्हणालो, "घेऊन टाक बाबा."

पण या माणसाचा एक नियम आहे. झुलणाऱ्या काट्याचं वजन वाचायचं नाही. पारडं हलत असताना जो आकडा वाचतो तो अडाणी किंवा लबाड. काटा थांबेपर्यंत हात मागे बांधून उभं राहायचं, श्वाससुद्धा दुसरीकडे सोडायचा. सगळं आयुष्य त्याने तसं काढलं होतं, आणि काटा प्रत्येक वेळी थांबला होता.

"अजून हलतंय ते," तो म्हणाला. "खाली गेलंय तसं वर येईल. मधे कुठेतरी थांबेल. तेव्हा काढू."

"आणि नाही थांबलं तर?" वहिनींनी विचारलं.

"अगं, प्रत्येक काटा थांबतो."

मालकीणबाई कठड्याला धरून वर गेल्या.

मोठ्या बँकेने दर वाढवले, मग पुन्हा वाढवले. महागाई थोडी दमली, पण बसली नाही. फंड कुठे थांबण्याचं नाव घेईना. मी रोज बाकावर बसून बघत होतो. किराणावाला काटा घेऊन यायचा, तोळामासा वजनं ठेवायचा, काटा थरथरून थांबायचा, तो आकडा सांगायचा. फंडाबद्दल विचारलं की मात्र म्हणायचा, "बघू." थट्टा करायला मला कारण लागत नाही, पण त्या दिवसांत मीसुद्धा हवापाण्यावर बोलायचो.

दोन वर्षं सरली. मालकीणबाई या वेळी खाली आल्या तेव्हा उभ्या राहिल्या नाहीत, माझ्या शेजारी बाकावर बसल्या. वृद्धाश्रमाने फी वाढवली होती. किराणा महाग, औषधं महाग, सेविकांचे पगार महाग. त्यांच्या पेन्शनीत ते बसत नव्हतं.

"काटेवाले, मी शब्द दिला होता. तो तेवढ्या दिवसांसाठी दिला होता. आता जुन्या भावात दिली तर मला तिथे दोन वर्षंच राहता येईल. नंतर कुठे जाऊ?"

"बरोबर आहे बाई," तोळामासा म्हणाला.

"तुम्ही रागवा तरी."

"कुणावर?"

खोलीचा भाव चढला होता, पुंजी उतरली होती, आणि मधली दरी भरायला जे कर्ज लागणार होतं त्याचा हप्ता ऐकून वहिनींनी बांगड्यांचा विषयच काढला नाही. तिन्ही बाजूंनी एकाच वेळी पाणी चढलं, आणि ते कुणी मुद्दाम सोडलेलं नव्हतं. बँकेत टायवाल्याने दोन कॅल्क्युलेटरवर करून बघितलं. दोन्हींवर तेच आलं.

खोली एका व्यापाऱ्याने घेतली. रोख. माणूस वाईट नाही. त्याने तोळामाशाला हाकललं नाही, भाडेकरू म्हणून ठेवलं. फक्त करारात एक कलम घातलं, की दर वर्षी भाडं महागाईच्या दराने वाढेल. सही करायला तोळामासा, वहिनी आणि मी असे दुकानातच बसलो होतो. व्यापाऱ्याचा कारकून कागद उलटत होता.

"म्हणजे पुढच्या वर्षी किती होईल?" वहिनींनी विचारलं.

"ते आत्ता नाही सांगता येत, ताई. आकडा जाहीर झाला की."

"कोण जाहीर करतं?"

"सरकारी खातं आहे. दर महिन्याला काढतात."

"आणि तो कमी ठेवायचं काम कुणाचं?"

"मोठ्या बँकेचं."

"त्यांना आमचं दुकान ठाऊक आहे का?"

कारकुनाने आधी माझ्याकडे बघितलं, मग तोळामाशाकडे. ही बाई थट्टा करतेय की खरंच विचारतेय, ते त्याला कळेना. मलाही कळलं नाही.

"नाही गं," तोळामासा म्हणाला. "त्यांना कसं ठाऊक असणार?"

त्याने पेन मागून घेतलं, कुठे करायची ते विचारलं, आणि कारकुनाने बोट ठेवलं तिथे सही केली.