वाचता न येणारी रद्दी

आमच्या अंगणातल्या दोरीवर कपड्यांच्या शेजारी दुधाच्या रिकाम्या पिशव्या वाळत असतात. धुतलेल्या, उलट्या केलेल्या, चिमटा लावलेल्या. पिशवीचा कोपरा कापायचा, पण पूर्ण तोडायचा नाही, तसाच लोंबता ठेवायचा. तो नखाएवढा तुकडा सुटा झाला की कुठल्याच पोत्यात राहत नाही, उडून गटारात जातो. हे मी गल्लीत घरोघर जाऊन सांगितलं. समोरची बाई अजून रोज सकाळी विचारते, "टीचर, आज किती लुगडी धुतली?" आधी मला राग यायचा. आता रागाचाही कंटाळा येतो.

आयुष्यभर मी बाहेरगावी मराठी शाळेत शिकवलं. आळंदच्या वाटेवरचं आमचं गाव, राज्य कर्नाटक, घरात मराठी, दारात कानडी. निवृत्त होऊन घरी परतले तरी शिकवायची खोड गेली नाही आणि वर्ग नसला की घरचेच लोक तावडीत सापडतात. घरात म्हणजे मी आणि अव्वा, माझी आई. अप्पा जाऊन तीन वर्षं झाली होती तेव्हा. अव्वा माझा खटाटोप बघायची आणि म्हणायची, "टाकायला आपल्याकडं हाय काय गं येवढं?" तिचं खरं होतं. तिचं लुगडं फाटलं की त्याची वाकळ व्हायची, वाकळ विटली की तव्यावरचं धडपं व्हायचं, आणि धडप्याचं शेवटी काय झालं हे मी कधी पाहिलं नाही.

पंचायतीने दोन बादल्या दिल्या. हसी कस, ओण कस, म्हणजे ओला कचरा आणि सुका कचरा. सकाळी गाडी कानडी गाणं वाजवत यायची आणि मी दोन्ही हातात दोन बादल्या घेऊन दारात उभी, मुलं प्रार्थनेला उभी राहतात तशी. गाडीवाला दोन्ही बादल्या घ्यायचा आणि एकाच ढिगावर उपड्या करायचा. एकदा न राहवून म्हटलं, "अण्णा, मी वेगळं करून दिलंय."

"वेगळंच हाय की अक्का," तो म्हणाला, "तुमच्या दारापत्तोर."

मला वाटलं, पुढे कुठेतरी निवडत असतील. आशा चिवट असते. सुक्या कचऱ्यासाठी मी अव्वाच्या जुन्या हिरव्या इरकलीची पिशवी शिवली होती. "एवढी परत आणा हं" असं बजावून दिली आणि ती परत आली नाही. महिन्याभराने कलबुर्गीला निघाले होते. गावाबाहेर ओढ्याच्या कडेला एसटी हळू झाली. तिथे ढीग पेटवला होता आणि धुरात ती हिरवी पिशवी, तोंड बांधलेली, मी मारलेल्या गाठीसकट पडलेली दिसली. आत माझ्या धुतलेल्या पिशव्या असणार. शेजारच्या बाईने नाकाला पदर लावला. मी लावला नाही, मला तो वास माझ्या मालकीचा वाटला.

हात पोळल्यावर माणसाने शहाणं व्हावं. मी फक्त वाट बदलली. स्टँडच्या मागे एक भंगारवाला आहे, माझ्याच वयाचा, उर्दू शाळेत शिकलेला. त्याच्याकडे सगळं नीट निवडलेलं. लोखंड एकीकडे, काच एकीकडे, कानडी आणि मराठी वर्तमानपत्रं मात्र एकाच गठ्ठ्यात. एवढा जुना सीमावाद त्याने सुतळीने मिटवला होता. वर आढ्याला एक पोतं टांगलेलं असायचं. उंदरांच्या भीतीने काही ठेवलं असेल, असं मला वाटलं. मी माझ्या पिशव्या, डबे, रद्दी त्याच्याकडे नेऊ लागले. इथे काही वाया जात नाही म्हणून माझी छाती पुन्हा फुगली.

त्याच फुगलेल्या छातीने मी अप्पांची पेटी उघडली.

अव्वा तेव्हा महिनाभर माहेरी, मुडबीला गेली होती. पेटीच्या बुडाला वाळवी लागली होती, हे खरं. पण खरं कारण ते नव्हतं. मला आवरायचं होतं. शेताचे कानडी उतारे बाजूला काढले, रेशनकार्ड, माझी शाळेतली गुणपत्रकं काढली. खाली राहिल्या एकोणीस वह्या, सगळ्या उर्दूत. अप्पा निजामाच्या काळात शाळेत गेले, त्यांचा हात त्याच लिपीवर बसला. पुढे कानडीत सही करायला शिकले तेवढंच. रोज जेवण झालं की ते वही घेऊन बसायचे. पाऊसपाणी लिहीत असतील, तुरीचं, ज्वारीचं, असं मी धरून चालले. घरात कुणालाच वाचता येत नाही ती रद्दी, असा माझा हिशेब होता. जन्मभर मुलांना अक्षर शिकवलं आणि अक्षराचा असा हिशेब केला. कागदाचा पुन्हा कागद होईल, असं म्हणत मी वह्या भंगारवाल्याकडे पोचवून आले आणि पेटी उन्हात वाळवली.

अव्वा परत आली. तिला वाकवत नाही, त्यामुळे पेटीकडे ती गेली नाही. मीही बोलले नाही. खरं सांगायचं तर मी विसरून गेले.

दोन वर्षांनी, म्हणजे गेल्या साली, तिचा भाचा ठाणाकुशनूरहून आला. जमिनीचा जुना उर्दू कागद त्याने कुणा म्हाताऱ्याकडून वाचून आणला होता. अव्वाने दोनदा विचारलं, "उर्दू वाचून दाखविणारे अजून हायत व्हय?" तो गेल्यावर बराच वेळ ती कपाळावरची विभूती चाचपत बसली. मग म्हणाली, "पेटी उघड गं."

"कामून?"

"त्यायच्या वह्या काढ. वाचून घिऊ."

मी हातातली पिशवी धूतच राहिले. तिला वाटलं मला ऐकू आलं नाही. ती जवळ येऊन भिंतीला धरून उभी राहिली. "साठ वर्सं ताट वाढलं मी. जेवताना तोंडातून शबूद न्हाई. बरं झालंय न्हाई, खारट झालंय न्हाई. आन् हात धुतला की वही घिऊन लिव्हायलेत. माझ्याबद्दल काय लिव्हलंय का, येवढंच मला ऐकायचंय. मरायच्या आधी."

"अप्पा असताना का नाही विचारलंस?"

"इचारायला लाज वाटायली. आता कुणाची लाज?"

पेटीची किल्ली सापडत नाही, असं मी सांगितलं. साठी उलटलेल्या मास्तरणीने शाळकरी थाप मारली. तशी थाप मारणाऱ्या किती मुलांचे कान मी पिळले असतील.

सकाळी भंगारवाल्याकडे गेले. दोन वर्षं म्हणजे रद्दीचे सात जन्म. कुठल्या भजीवाल्याने पुड्या बांधल्या असतील, असं वाटत होतं. मी वह्या म्हटल्याबरोबर तो थांबला. "उर्दू के? हाथ के लिखे?" मग त्याने वरच्या पोत्याकडे बोट केलं. "ये हमारे हरफां हैं टीचर. कौन जाने किस पन्ने पे खुदा का नाम है. पावां में नक्को आना, बोलको उप्पर टांगतूं."

अक्षरं पायाखाली येऊ नयेत म्हणून टांगलेली. मला रडूच आलं. म्हटलं, म्हणजे आहेत! तो खाली बघत म्हणाला, "पोता भर गया तो बावली में छोडको आतूं. तुमारे वाले तो छोड दिया. पिछले रमजान के पहले."

बावली म्हणजे गावाबाहेरची पायऱ्यांची विहीर. मी फेकलेलं त्याने उचलून डोक्यावर ठेवलं आणि अदबीने पाण्यात सोडलं. त्याच्यावर चिडायला मला काहीच जागा नव्हती. जागा होती ती स्वतःवर चिडायला, आणि ती भरपूर होती.

मी वळले तेव्हा त्याने हाक मारली. फळीवरून त्याने एक वही काढली, अप्पांची शेवटची. "आधी कोरी थी, बोलको रख लिया." अप्पा गेले म्हणून अर्धी कोरी राहिलेली वही, आणि कोरी राहिली म्हणून वाचलेली. वाचून दाखवाल का, असं विचारलं. तो "हौ" म्हणाला आणि दुपारी घरी आला.

तो यायच्या आधी मी अव्वाला सगळं सांगून टाकलं. एका दमात सांगितलं, नाहीतर सांगवलं नसतं.

"किती व्हत्या?" तिने विचारलं.

"एकोणीस."

"आन् किती ऱ्हायल्या?"

"एक."

तिने पदर सारखा केला. "वाचू दे," म्हणाली. बोलली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

भंगारवाल्याने हात धुतले, चष्मा लावला आणि ओसरीवर बसून वही मांडीवर घेतली. तो उर्दूत वाचायचा आणि अवघड शब्द आमच्यासाठी मराठीत सांगायचा. ढग आले आणि गेले. कण्या घेतल्या. तूर फुलावर आली म्हणतात. पोट जड. कण्या घेतल्या. शेजारच्याची म्हैस व्याली, रेडा झाला. लेकीचा फोन आला, आवाज थकलेला वाटला. वारा नाही. कण्या.

अप्पांच्या तोंडात शेवटच्या वर्षी एकही दात नव्हता. अव्वा जात्यावर ज्वारी भरडून कण्या शिजवायची, ताकात पातळ करून द्यायची, वाटी तोंडाला लावायची. वहीत कण्या रोज होत्या. त्या कुणी शिजवल्या ते कुठेच नव्हतं. ढग होते, तूर होती, शेजारची म्हैस होती. मीसुद्धा होते. त्याची मला इतकी लाज वाटली की मी दोरीवरच्या पिशव्या काढायला उठले आणि न काढताच परत येऊन बसले.

पानं संपत आली. अव्वा कान देऊन, मान किंचित वाकडी करून ऐकत होती. प्रत्येक पान उलटलं की ती थोडी पुढे सरकायची. भंगारवाल्याच्या ते लक्षात आलं असावं. शेवटच्या लिहिलेल्या पानावर तो थांबला. चष्मा पुसला. मग सावकाश वाचलं, "आज घरवाली के हाथ की भाकरी बहुत मीठी लगी. ऐसी भाकरी किसी के हाथ की नै."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे वहीवर नव्हते. तो अव्वाकडे बघत होता. त्याने वही मिटली, दोन्ही हातांनी तिच्या मांडीवर ठेवली, चहाही न घेता निघाला. मी दारापर्यंत गेले. तो म्हणाला, "माफ करना टीचर." मी मान हलवली. त्याने आम्हाला उरलेलं सगळं दिलं होतं आणि नव्हतं तेही दिलं होतं. माफी कोणी कुणाची मागायची?

आत आले तर अव्वा वहीवरून हात फिरवत होती, कोऱ्या पानांवरूनही. मी म्हटलं, "ऐकलंस ना? भाकरीचं?" माझा आवाज मला वर्गात खोटं कौतुक करताना व्हायचा तसा ऐकू आला.

"त्या वर्सी भाकर कुठं खायलते गं त्ये," अव्वा म्हणाली. "भला माणूस हाय बिचारा."

तिने वही माझ्याकडे दिली. "ही त्यालाच दिऊन टाक. त्याच्या पोत्यात ऱ्हाऊ दे, तितं जपून तरी ऱ्हाईल."

मी वही घेतली. मी वळले तेव्हा ती पाठीमागून म्हणाली, मला समजावावं तशी, हळू, "तू नगं इतकं मनाला लावून घिऊस. आदल्या वह्यांत लिव्हलं असंल की. तवा दात व्हते त्यायला."

"व्हय," मी म्हणाले.