रतनकाकांच्या डिमरचा एक नंबर

नाहूरच्या वस्तीत रतनकाकांना त्यांच्या डिमरबद्दल काही विचारायची सोय नाही. विचारलंत की अर्धा तास गेलाच म्हणून समजा! मुलुंडच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते, तेव्हा भंगारातली पत्र्याची पेटी आणून त्यांनी तो घरी बनवला. बारा दिवे, बारा फेडर. फेडर वर सरकवला की दिवा उजळतो, खाली घेतला की मंद होतो. चौदा एप्रिलला विहारासमोर स्टेज लागतं, तिथली गाणी, नाटक, सगळं ह्याच पेटीवर.

त्यातला एक नंबर तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींवरच्या दिव्याचा. नाटकात कितीही अंधार असो, एक नंबर खाली यायचा नाही, हा वस्तीचा नियम; तो विझायचा तो कार्यक्रम संपल्यावर, मेन स्विचनेच. "बावीस वर्षं झाली, माझा एक नंबर लुकलुकलेला नाही," असं काका भेटेल त्याला ऐकवत. नव्या जावयालासुद्धा चहाच्या आधी हेच ऐकवलं होतं.

यंदा त्यांची नात तेजल नाटक बसवत होती. "आजोबा, सुरुवातीला तो दिवा मेणबत्तीएवढा हवा. मुलगी वाचायला लागते, तसा हळूहळू वाढत जाणार."

"तो खाली येत नाही, माहितीये ना?"

"विझवत नाही ना ओ! फक्त मंद."

नातीपुढे काकांचं काय चालणार? आदल्या दिवशी सकाळी तालमीत त्यांनी फेडर पार तळाला आणला. दिवा ढिम्म! होता तसाच लख्ख.

"काका, वाट लागली ह्याची," मंडळाचा सेक्रेटरी विकी म्हणाला. "घाटकोपरला भाड्याने कॉम्प्युटरवाला बोर्ड मिळतो. चारपर्यंत झालं तर ठीक, नाहीतर मी फोन करतो. तुम्ही आता आराम करा ना यार."

आराम करा! काकांच्या ते जिव्हारी लागलं. भाड्याचा बोर्ड एकदा आला की ही पेटी माळ्यावर जाणार आणि परत उतरणार नाही, हे न कळण्याइतके ते भोळे नव्हते.

घरी येऊन त्यांनी पेटी उघडली. उजेड कमीजास्त करणारा तीन पायांचा ट्रायक जागेवर होता, पण त्याच्या दोन पायांना बोटभर लाल वायर आडवी जोडलेली. म्हणजे करंट ट्रायकला वळसा घालून सरळ दिव्यात! बावीस वर्षं एक नंबर डिमरवर नव्हताच, मोरीतल्या बल्बसारखा थेट चालू होता.

"कोणी हात लावला माझ्या पेटीला?" काका ओरडले, आणि मग त्यांचं लक्ष जोडावरच्या सोल्डरकडे गेलं. ज्वारीच्या दाण्यासारखं गोल, चकचकीत सोल्डर. त्यांचं स्वतःचं नेहमी चघळलेल्या च्युइंगमसारखं. त्यांच्या बायकोने, शकुकाकूंनी मात्र लग्नानंतर अठरा वर्षं एका युनिटमध्ये रेडिओची सर्किटं जोडली होती.

"शकु, इकडे ये जरा."

मेथी निवडता निवडता काकू आल्या, पेटीत डोकावल्या. "सापडली होय!"

"तू केलंस हे?"

"मग काय करू? त्या वर्षी वंदनेच्या वेळी दिवा लुकलुकला, सगळी वस्ती वळून तुमच्याकडे बघायला लागली. दोन दिवस जेवला नाहीत तुम्ही. तीनदा ट्रायक बदललात, तरी तेच. मला नाही बघवलं. तुम्ही ड्यूटीला गेलात आणि मी जोडून टाकलं. तसाही तो दिवा मंद करायचा होता कोणाला?"

"आणि मी गावभर सांगत सुटलो!"

"मी कधी काही बोलले?"

नव्हत्याच बोलल्या. जावयासमोरही गुपचूप चहा ओतत होत्या. काकांना राग आला खरा, पण टिकेना. हसूच फुटलं.

"आता खरा फॉल्ट शोध बाई. माझा हात थरथरतो."

पेटी खिडकीशी ओढून काकू आगकाडीने एकेक जोड दाबून बघू लागल्या. "हे बघा. फेडरच्या वायरचं सोल्डर सुटलंय. तुम्ही आपले ट्रायकच्याच मागे!" त्यांनी लाल वायर काढली, सुटलेला जोड पक्का केला. साडेतीनला टेबलावरचा बल्ब फेडरबरोबर वर गेला, खाली आला. बघायला आलेल्या तेजलने आजीचा गालगुच्चाच घेतला.

दुसऱ्या दिवशी पडद्याआधी विकी मंडळाच्या पोरांना घेऊन आला. "झकास काका! बावीस वर्षं लुकलुकला नाही ना?"

"नाही रे," काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बावीस वर्षं तो हिने सांभाळला. मला नव्हतं जमलं." मग पहिल्या रांगेत पांढरी साडी नेसून बसलेल्या काकूंना त्यांनी हाताला धरून आणलं, स्वतःची खुर्ची दिली. "बस. एक नंबर आज तुझ्या हातात."

नाटक सुरू झालं. स्टेजवरची मुलगी वाचू लागली, तसा काकूंनी फेडर हळूहळू वर सरकवला. तसबिरी उजळत गेल्या. काकूंची नजर मात्र बोटावरून हलेना.

"लुकलुकला का हो?" त्यांनी हळूच विचारलं.

डोळ्यांत पाणी आल्यामुळे काकांना धड काही दिसत नव्हतं. "अजिबात नाही," त्यांनी छातीठोकपणे सांगितलं.