गोल न मारणारी शेजारीण

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि फुटबॉलचा सामना नीट पाहिला तो इथे मॉरिसव्हिलला आल्यावर. तेव्हा एका फुटबॉलपटूवर लिहायला बसणं हा आगाऊपणाच आहे. जाणकारांनी रागावू नये. पण एवढं छातीठोकपणे सांगतो, की मागे बघत पुढे चालण्यात माझ्या शेजारणीचा हात धरणारं माणूस अख्ख्या नॉर्थ कॅरोलायनात नसेल.

आमच्या घरमालकीण काकूंच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या. एकीत मी, दुसरीत ही, इंडोनेशियाची, कॉलेजच्या संघातली मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतून पुढच्यांना पास पुरवणारी. पास येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे पाहून घ्यायचं, ही मैदानावरची शिस्त. पण ती दूध ओततानाही तसंच पाहायची. इंडियन ग्रोसरीत कोथिंबिरीची जुडी उचलण्याआधी तिने असं काही मागे पाहिलं, की दुकानदार आमच्या पाठोपाठ फिरू लागला. जेवताना मीठ मागितलं तर हातात कधी द्यायची नाही. मी जिथे असायला हवा तिथे सरकवायची. सांडलं, तर दोष माझा.

स्वतःची कारकीर्द ती भाजी चिरता चिरता सांगायची, दुसऱ्या कुणाची असल्यासारखी. सुरबायाला, आपल्या गावी, भावांबरोबर खेळली, पंधराव्या वर्षी घर सोडून क्लबात गेली, दोन हंगामांत क्लबाने मुलींचा संघच बंद केला. राष्ट्रीय संघाच्या शिबिरातून दोनदा शेवटच्या यादीआधी घरी. मग स्कॉलरशिपवर इथे, आणि इथे गुडघा गेला. तिसऱ्यांदा बोलावलं तर जाईन, म्हणायची, त्यानंतर नाही.

मराठी मंडळाच्या पिकनिकला काकालोकांनी मॅच ठेवली. पाहुणी मुलगी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तिला कशाला पळवायचं, म्हणून तिला गोलकीपर केलं आणि गोलात एक फोल्डिंग खुर्चीही मांडून दिली. दहा मिनिटं ती खरोखर बसली. मग बॉल पायाशी आला तशी उठली आणि सात काकांना ओलांडून थेट समोरच्या गोलापाशी पोहोचली. तिथे गोल मारायचा सोडून तिने बॉल बाजूला दिला. बाजूला आमच्या संघातले एक काका फोनवर बोलत उभे होते. बॉल त्यांच्या पोटरीला लागून आत गेला. काका अजून त्या गोलाचं वर्णन करतात, दरवेळी थोडा आणखी लांबून मारलेला. तू का नाही मारलास, असं मी विचारलं.

"ते माझं काम नाही," ती म्हणाली.

मे महिन्यात तिला पदवी मिळाली आणि राष्ट्रीय शिबिराचं तिसरं बोलावणंही आलं. इथल्या एका शाळेने कोचची नोकरी देऊ केली होती. शिबिरातून परत पाठवलं तर ती घेणार होती. ती गेली आणि काकूंनी खोली रिकामीच ठेवली. कोणी विचारायला आलं की सांगायच्या, बाथरूमचा नळ गळतोय. नळ काही गळत नव्हता. पाच आठवडे ना फोन ना मेसेज. मी समर क्लासमध्ये बसून तिकडच्या बातम्या उघडायचो, आणि ती भाषा येत नसल्याने फक्त फोटो बघायचो.

काल घरी आलो तर काकू जिन्यातच बसल्या होत्या. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. तिचा व्हॉइस मेसेज इंग्रजीत होता, मराठी शब्द शेवटचा तेवढा एकच:

"संघाची आठ नंबरची जर्सी मिळाली. आता खोली देऊन टाका, काकू."