बारीक माणसाचं पोट

दुसऱ्या बाळंतपणानंतर मी अंगानं भरले. आमचे मालक मात्र होते तसेच राहिले, हातपाय काटकुळे. उमरग्यात हायवेला त्यांचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दिवसभर खुर्चीत बसून थोडं पोट सुटलं होतं, पण ते सैल शर्टात झाकून जायचं. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या जेवताना हमखास म्हणायच्या, "एकाच चुलीवरचं खाताव दोघं. तुझ्या अंगाला लागतंय, माझ्या लेकराच्या का न्हाय?"

शेवटी मालकच मला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "हिचं वजन लई वाढलंय."

बाईंनी मला काट्यावर उभं केलं. "थोडं जास्त आहे," त्या म्हणाल्या. मालकांनी मान डोलावली. मग बाईंनी माझ्या उंचीएवढी सुतळी कापली, दुमडून निम्मी केली आणि माझ्या पोटाभोवती धरली. टोकं जुळली, वर बोटभर उरली.

"कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत आहे. नुसत्या काट्यावर जाऊ नका, चरबी कुठं साठलीय तेही बघावं लागतं." मग त्या मालकांकडं वळल्या. "आता तुम्ही या."

"मी कशाला? माझं वजन बरोबर हाय."

"असू द्या. या."

त्यांच्या मापाची सुतळी पोटाभोवती येताच मालकांनी श्वास आत ओढून धरला. बाई सुतळी तशीच धरून थांबल्या.

"दुकान कुठं आहे तुमचं?"

मालकांनी हातानं खिडकीबाहेर दाखवलं.

"चहा किती होतो दिवसात?"

हे बोटांनी सांगायला त्यांना दोन्ही हात लागले.

"आणि तुमचं नाव?"

नावासाठी श्वास सोडावाच लागला. त्याबरोबर पोटही बाहेर आलं. टोकांमध्ये चार बोटांचं अंतर पडलं. रक्त तपासलं, तर साखर काठावर निघाली.

घरी आत्या भडकल्या. "लेकरू वाळून चाललंय अन् ती बाई त्याचं पोट मोजती?"

"जाड न्हाईत हो ते, आत्या. पोटात चरबी हाय."

त्या दिवशी जेवताना आत्यांनी माझ्या ताटाकडं नाही, लेकाच्या पोटाकडं बघितलं.

मालकांनी चहातली साखर सोडली. रोज चालायचंही ठरलं, पण रिकाम्या हातानं चालायची त्यांना लाज वाटायची. लोक विचारतील, कुठं निघालात? म्हणून ते दुधाची किटली घेऊन निघायला लागले. पोट हळूहळू उतरतंय, साखरही उतरलीय. फक्त आता गल्लीतल्या तीन घरांचं दूध त्यांनाच आणावं लागतं.