खोक्यातली रिकामी जागा

विमानतळावर याला सगळे ‘पनवती’ म्हणतात, आणि हाक मारली की हा ओ देतो, म्हणजे बघा! बावन्न वर्षांचा मेकॅनिक. त्यातली सत्तावीस वर्षं विमानांच्या पोटाखाली वाकण्यात गेली. पहिली कंपनी इंधन महागलं तशी बसली. दुसरीनं इतकी स्वस्त तिकिटं विकली की एका सकाळी गेटला नुसता दोर बांधलेला आणि वॉचमन म्हणतोय, “घरी जा.” आता ही तिसरी. अकरा विमानांतली उडतात तीनच. बाकीची कोपऱ्यात उभी, त्यांचेच भाग उपसून या तिन्हींना लावायचे.

बायको रोज डबा हातात देताना विचारते, “आहे ना अजून कंपनी? की उगाच भरला मी?” हसत विचारते हो, पण उत्तर मिळेपर्यंत डबा सोडत नाही.

त्या दिवशी विमानतळवाल्यांनी बजावलेलंच होतं: पुन्हा उशीर केलात तर सकाळची उड्डाणाची वेळ दुसऱ्या कंपनीला देऊ. ती वेळ गेली की कंपनी संपलीच.

प्रवासी चढत होते. हा हत्यारं खोक्यात लावत होता. फोममध्ये प्रत्येक हत्याराची त्याच्याच आकाराची जागा कोरलेली. सगळ्या भरल्याशिवाय कागदावर सही करायची नाही, आणि सहीशिवाय विमान हलत नाही. आणि एक जागा रिकामी! लांब दांड्याचा छोटा आरसा, फटीत घालून इंजिनाचं मागचं बघायचा, तो गायब.

खिसे उलटे केले. बूटसुद्धा काढून झटकले.

“भांग पाडायला नेला असेल कुणी,” जोडीदार म्हणाला. याच्या टकलाकडे बघत, मेला.

मॅनेजर धावत आला. “आरसाच ना? संध्याकाळी शोध.”

“इंजिनात राहिला असला तर?”

“आणि नसला तर? हीपण बुडव, पनवती!”

आठवून आठवून डोकं शिणलं. तोंडात टॉर्च होता, डाव्या हातात आरसा, मग कुणीतरी हाक मारली... पुढचं कोरं.

“साहेब, मी सही करत नाही.”

प्रवासी उतरले. उतरताना एकेकानं याचा उद्धार केला. इंजिनाचं झाकण उघडलं. वीस मिनिटं काही नाही. मॅनेजर घड्याळ बघेना, यालाच बघत होता. मग एका नळीच्या वळणामागे काहीतरी चमकलं. यानं बोटं घातली. आरसा! त्यात याचाच घाबराघुबरा डोळा.

यानं खोकं तीनदा तपासलं, सही केली. ती इतकी वाकडी आली की स्वतःलाच ओळखू येईना.

विमान दीड तास उशिरा उडालं. ते दिसेनासं होतंय तोच मॅनेजरचा फोन वाजला. विमानतळवाल्यांचा नंबर बघून तो भिंतीपाशी गेला आणि पाठ करून बोलू लागला. हा खोक्याचं झाकण घट्ट दाबून उभा. ऐकू तर काहीच येत नव्हतं. मॅनेजरची मान हलत होती, पण हो म्हणत होती की नाही, ते काही केल्या कळेना.